परत ये म्हणू नकोस

धाकटीने आरशावर लिहिलेलं एका गाण्याचं नाव बोटाने पुसलं आणि लिपस्टिकने दोन ओळी वर लिहिलं. तशी मागे खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्या जणी एकदम बोलू लागल्या.

पार्लरला आज सुट्टी होती, म्हणून तर जमलं होतं. लाडक्या गायिकेच्या संथ गाण्यांना मतं देऊन दरवर्षी क्रम लावायचा, हे खूळ मुळात ताईचं, धाकटीच्या थोरल्या बहिणीचं. गेल्या हिवाळ्यात ताई त्याच गायिकेच्या कार्यक्रमाला गेली आणि परतलीच नाही. ना ती सापडली, ना तिचा फोन. यंदा तिच्या वतीने मत द्यायला तिचा नवरा आला होता. केस वाळवायच्या मोठ्या टोपाखाली दाजी अंग चोरून बसले होते.

“‘ओली चिठ्ठी’ इतकं खाली?” नर्स म्हणाली. “अगं, ते ऐकून मी ड्यूटीवर रडलेय. पेशंट मला धीर देत होता.”

“तू इंजेक्शन देतानाही रडतेस,” पार्लरवाली म्हणाली.

दाजीही हसले. किती तरी महिन्यांनी त्यांना हसताना पाहून धाकटीला बरं वाटलं.

“दाजी, ताईचं मत कुणाला?”

“‘परत ये म्हणू नकोस’. डोळे मिटून एक नंबर.” दाजी आता जरा सैलावले होते. “आणि तेही कार्यक्रमातलं. शेवटच्या कडव्याला ही मुसमुसते, आणि शेजारचे आजोबा मधेच विचारतात, ‘बाळ, खोकल्याची गोळी हवी का?’ गाण्याचा पार विचका. पण ऐकायला मजा येते.”

नर्सला हसू आवरेना. धाकटीचा हात आरशावर तसाच राहिला.

आजोबांची गोष्ट तिला ठाऊक होती. कार्यक्रम सुटल्यावर ताईने तिला फोन केला होता. गाणं फोनवर रेकॉर्ड करताना आजोबा मधेच कसे बोलले, हे सांगताना हसून हसून ताईला धड बोलताही येत नव्हतं. ‘आता घरी जाऊन ह्यांना ऐकवते,’ म्हणून तिने फोन ठेवला. तोच शेवटचा. ती घरी आलीच नाही, तिचा साधा फोनही आला नाही, असं दाजींनी पोलिसांना सांगितलं होतं, आईच्या पायाशी बसून रडत रडत सांगितलं होतं. त्या गोळीबद्दल मात्र धाकटी कुणापाशीच बोलली नव्हती. बहिणीचं ते शेवटचं हसू वाटून टाकायला तिचा जीव होत नव्हता.

“आवाज कसा आहे हो त्या आजोबांचा?” तिने आरशातूनच विचारलं. जमेल तितकं सहज.

“घोगरा. जुन्या मास्तरांसारखा…” बोलता बोलता दाजी थांबले.

लाल अक्षरांच्या मधून ते तिच्याकडे बघत होते. नर्सचं हसणं विरलं.

दाजी उठले. “चल, तुला घरी सोडतो. गाडी दाराशीच आहे.”

“अजून मतं मोजायचीत.”

“त्या मोजतील. चल.”

त्यांनी तिचा दंड धरला. हळूच, घरातल्या मोठ्या माणसाने धरावा तसा; पण बोटं रुतत होती.

पार्लरवालीने धाकटीचा चेहरा पाहिला. ती उठून दाराशी गेली, आतून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घेऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

“बसा ना दाजी,” ती म्हणाली. “घाई कसली?”

धाकटीने दंड सोडवून घेतला.

“ते गाणं आम्हालाही ऐकवा.”

दाजींचा हात नकळत कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.