ओळीचं शेपूट

"परत शेपूट पडलं," काचेपलीकडून ताई म्हणाली.

बारक्याने हेडफोन उतरवून गळ्यात घेतले. तळघरातली ती खोली कपाटाएवढीच होती. चारही भिंतींना राखाडी स्पंज लावलेला, त्यामुळे आवाज तोंडातून निघाल्या निघाल्या मरून जायचा. तो बाहेर आला. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाईला इथे येणारे सगळेच ताई म्हणत. ती पडद्यावरच्या हिरव्या रेघांकडे बोट दाखवत होती.

"ही तुझी ओळ. इथून इथपर्यंत झकास. आणि शेवटच्या शब्दाला हे असं. बोलता बोलता माणूस उठून गेल्यासारखं."

"माइक खराब असेल."

"आणि तो नेमका तुझ्या ओळींच्या शेवटीच खराब होतो? शहाणा दिसतोय माइक."

बारक्याचा रॅपचा पहिला अल्बम नऊ वर्षांपूर्वी आला होता. पोरं तो अजून तोंडपाठ म्हणत. त्यानंतर दुसरा नुसता 'येतोय, येतोय' चालला होता. परवा भाजी घेताना एक अनोळखी माणूस म्हणाला, "काय राव, अल्बम काढताय की अंडी उबवताय?" कंपनीला शुक्रवारी तो द्यायचाच होता. आणखी मुदत मागायला आता तोंड उरलं नव्हतं.

ताई घाई करणारी नव्हती. तिने माइक बदलला. मग जुना माइक लावून अंतर बदललं. मग त्याला बसवून बोलायला लावलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिची पद्धत. शेवटी तिने विचारलं, "श्वास कुठे घेतोस?"

त्याने पोटावर हात ठेवून ओळी म्हटल्या.

घर घेतलं उंचावर, खाली दिसते गल्ली,
दाराला दोन कुलपं, हरवली एकच...

हाताखालचं पोट फुगलं. किल्ली हा शब्द आलाच, पण श्वास आत घेता घेता, कसाबसा. बारक्याने पुन्हा करून पाहिलं. पोट तिथेच फुगलं.

"हा शब्द तू कुणासाठी सोडतोस?" ताईने विचारलं.

बारक्याने पोटावरचा हात काढला. सोडत होता तो जाड्यासाठी. पहिल्या अल्बमवर आणि त्याआधी गावोगावच्या स्टेजवर जाड्या त्याच्या डाव्या हाताला उभा असायचा. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द उचलायचा, एवढंच त्याचं काम. तेवढ्यात बारक्या श्वास भरून घ्यायचा. अल्बमवर नाव एकट्या बारक्याचं आलं, तेव्हाही जाड्या हसला होता. पुढे कुणीतरी मुलाखतीत त्याच्याबद्दल विचारलं आणि बारक्या बोलून गेला, "शेवटचा शब्द काय हो, कुणीही बोलेल." त्यानंतर जाड्या सरावाला आला नाही.

"मग कुणीही बोलू दे," स्वतःशी पुटपुटत बारक्या उठला. "ताई, शेवटचे शब्द वेगळे घेऊ. मीच बोलतो."

तो परत स्पंजच्या खोलीत गेला. हेडफोनमध्ये त्याच्याच ओळी वाजत होत्या आणि तो प्रत्येकीच्या शेवटी एकेक शब्द टाकत होता. किल्ली. उशी. पगार. पाठ. जिना. सगळे शब्द जागच्या जागी बसले. रेघा एकसारख्या उंच झाल्या. त्याने बाहेर येऊन ऐकलं.

"तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे," ताई म्हणाली.

"आणि?"

"आणि रिकाम्या घरात कुणी स्वतःच दार वाजवावं आणि स्वतःच 'आलो आलो' म्हणावं, तसं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाड्याच्या दुकानात गेला. जाड्या गाड्यांच्या काचा बसवायचा. आता तो चांगलाच वाळला होता, पण पाटीवर अजून 'जाड्या ग्लास' असंच होतं.

"बोला साहेब, काच फुटली का?"

"गाडी कुठाय माझ्याकडे?"

"मग काय फुटलं?"

बारक्याने फोन आणि इअरफोन पुढे केले. "ऐक एकदा." त्यावर वेगळे शब्द घेण्याआधीचं, शेपूट पडलेलं रेकॉर्डिंग होतं.

जाड्याने हात पुसून इअरफोन कानात घातले आणि डिंकाची नळी उचलून काम चालू ठेवलं. दुकानात कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं. बारक्या नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. थोड्या थोड्या वेळाने जाड्याचे ओठ एकदाच हलत आणि मिटत. डिंकाची रेघ जराही वाकडी झाली नाही.

गाणं संपलं. जाड्याने इअरफोन काढून गुंडाळून दिले.

"चांगलंय," तो म्हणाला.

"येतोस? एक दुपार लागेल फक्त."

"गिऱ्हाईक थांबलंय रे."

"संध्याकाळी?"

जाड्याने काच दोन्ही हातांनी उचलली. "कुणीही बोलेल की," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बारक्याला तिथे थांबता आलं असतं.

तळघरात येऊन त्याने ताईला ते वेगळे घेतलेले शब्द पुसून टाकायला सांगितले. मूळ ओळींच्या शेवटी पडलेले शब्दही काढायला लावले.

"जागा रिकामी ठेवायची? कंपनी म्हणेल चूक राहिली."

"म्हणू दे."

"आणि अल्बमवर नाव?"

"माझं. एकट्याचंच आहे ना."

तिने ते शब्द काढले, मग सगळं पहिल्यापासून लावलं. ओळ यायची, थांबायची, ठोका तेवढा वाजत राहायचा. दोघं पडद्याकडे बघत बसले होते.

दाराला दोन कुलपं, हरवली एकच...

"किल्ली," ताईच्या तोंडून निघून गेलं. ती ओशाळली. "सॉरी."

"नाही, बरोबर आहे," बारक्या म्हणाला. "फक्त जरा उशीर झाला. जाड्या ठोक्याच्या किंचित आधी यायचा."