हिरवी तार

"आई, गीझरच्या नळाला ओल्या हातानं शिवू नका, करंट मारतो," प्रीती म्हणाली, आणि दूध फ्रिजमध्ये ठेवलंय सांगावं तितक्या सहजपणे म्हणाली.

धम्मदीनाबाई बेटम्याला बहिणीकडे चार दिवस राहून नुकत्याच घरी पोचल्या होत्या. हातातली पिशवीसुद्धा अजून खाली ठेवली नव्हती.

"करंट मारतो? कधीपासून?"

"तुम्ही गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. जास्त नाही, झिणझिणतं फक्त. मी चप्पल घालून नहाते."

"आणि ज्ञानदीपला सांगितलंस?"

"सांगितलं ना."

ज्ञानदीप आतून बाहेर आला. "अगं आई, थंडीत स्टॅटिक असतं ते. टेन्शन नको घेऊ. गीझर आत्ताच तर रिपेअर झालाय. सारखी एमसीबी पडून लाइट जात होती, मी ॲपवरून माणूस बोलावला, वीस मिनिटांत ओके करून गेला. एकदम फर्स्ट क्लास काम."

धम्मदीनाबाईंचे वडील महूच्या लष्करी वर्कशॉपात होते. मुलीच्या हातात त्यांनी टेस्टर दिला तेव्हा ती पाचवीत होती. पुढे तीस वर्षं तिनं एका खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. अशा बाईच्या पोटचा मुलगा नळाच्या करंटला स्टॅटिक म्हणत होता. त्यांची कानशिलं तापली.

त्यांनी कपाटातून टेस्टर काढला, रबरी चप्पल घातली, गीझर चालू केला आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला.

"ज्ञानदीप, इकडे ये. बघ तुझं स्टॅटिक."

तो दारात येऊन उभा राहिला. दिव्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुझी मुलगी रोज सकाळी याच नळाखाली बसते. सात वर्षांची पोर. एखाद्या दिवशी चप्पल विसरली असती तर?"

"आई, मला काय माहीत..."

"माहीत नव्हतं तर स्टॅटिक कशाला म्हणालास? बायको सांगतेय झटका बसतो, अन् तू तिला शाळा शिकवतोस!"

गीझरची एमसीबी बंद करून त्यांनी स्टूल ओढलं आणि गीझरच्या खालचं झाकण उघडलं. आतली हिरवी तार, अर्थिंगची, बॉडीच्या स्क्रूवरून काढून कापलेली होती. कापलेल्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती, अगदी नीट. टेपचा शेवट नखात धरता यावा म्हणून जरासा दुमडलेला होता.

त्या दुमडलेल्या टोकाकडे पाहताना धम्मदीनाबाईंचा हात थांबला. टेपचं टोक असं दुमडून ठेवायला त्यांनीच प्रत्येक बॅचला शिकवलं होतं. पुढच्या माणसाला उघडायला सोपं जावं म्हणून. इथं जीव घेणारं काम केलं होतं आणि तेही त्यांच्याच हातचं वळण राखून केलं होतं.

"त्या माणसाचं नाव काय?"

ज्ञानदीपनं मोबाइल पुढे केला. मिशी राखलेला, तिशीचा माणूस. निशांत वानखेडे. रेटिंग चार पूर्णांक आठ. मिशी नवी होती, चेहरा जुना. त्यांच्या वर्गात दोन वर्षं पहिल्या बाकावर बसलेला.

"बोलाव त्याला."

"आई, मी ॲपवर कंप्लेंट टाकतो ना, ते दुसरा माणूस पाठवतील."

"मला दुसरा नको, हाच हवाय. सांग, धम्मदीना मॅडमनी बोलावलंय."

तासाभरात निशांत आला. दारातच त्याचा चेहरा उजळला. "मॅडम! हे तुमचं घर? सही में माहीत नव्हतं मला." तो पाया पडायला वाकला. धम्मदीनाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"उठ. आत चल."

बाथरूममध्ये त्यांनी गीझरच्या पोटाकडे बोट दाखवलं. "ही कोणती तार?"

"अर्थिंग, मॅडम."

"कापली कुणी?"

निशांतनं खाली मान घातली. "मॅडम, दर पाच मिनिटांनी एमसीबी पडत होती. अर्थ काढली की पडत नाही. मार्केटमध्ये सगळेच करतात."

"का पडत होती?"

"एलिमेंट लीक असेल. बॉडीत करंट येत असेल."

"म्हणजे तुला माहीत होतं!" त्यांचा आवाज इतका चढला की बाहेर प्रीतीनं टीव्ही बंद केला. "माहीत नसतं तर मी तुला गाढव म्हणून सोडून दिलं असतं. एमसीबी ओरडून सांगत होती की या घरात जीव जाईल, आणि तू तिचाच गळा आवळलास. करंट जमिनीत जायची वाट बंद केलीस. आता तो कुठून जाणार? माझ्या नातीच्या अंगातून?"

"मॅडम, एका कॉलला पंचवीस मिनिटं देतात. एलिमेंट बदलायला दीड तास लागतो. लेट झालं की रेटिंग पडतं, मग कॉलच येत नाहीत. आणि कस्टमरला काय, गरम पाणी आलं की झालं."

"कस्टमर जिवंत राहिला तर गरम पाणी हवंय ना त्याला? पाना काढ. आज तुझं घड्याळ मी बघते."

निशांतनं पाना काढला आणि थेट खालच्या बोल्टला लावला.

"टाकीतलं पाणी काढलंस?"

तो थबकला. त्यानं पाण्याचा कॉक बंद केला, गरम पाण्याचा नळ उघडला, मग पाइप सोडून टाकी रिकामी केली. पाणी बादलीत पडत होतं आणि त्याबरोबर पाण्यातल्या क्षारांची पांढरी खर येत होती. या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, बाकी दिवस बोअरिंगचं. पाणी तापवणारं एलिमेंट बाहेर आलं तेव्हा त्यावर चुन्याचा बोटभर थर होता. निशांतनं तो पेचकसानं ठोकून काढला. खालची तांब्याची नळी एका जागी तडकली होती.

"सिरीज लॅम्प लाव."

निशांतनं तपासायचा बल्ब काढला; त्याच्या तारेचं एक टोक एलिमेंटच्या टर्मिनलला, दुसरं एलिमेंटच्या बॉडीला. बल्ब पेटला. पेटायला नको होता; म्हणजे करंट बॉडीत उतरत होता.

"बघितलंस? दोन मिनिटंही नाही लागली हे समजायला."

निशांतनं कपाळावरचा घाम पुसला आणि खाली बघतच म्हणाला, "मॅडम, राग नका मानू, एक बोलू? आमच्या बॅचनं गीझर कधी उघडलाच नाही. लॅबमधला गीझर भंगारात गेला होता. तुम्ही फळ्यावर डायग्राम काढला आणि रजिस्टरमध्ये सगळ्यांचं प्रॅक्टिकल पूर्ण लिहिलं. मी पहिला गीझर कस्टमरच्या घरी उघडला, मोबाइलवर व्हिडिओ बघून."

ते खरं होतं. तपासणीचं पथक येणार होतं, प्राचार्य म्हणाले होते, मॅडम, सह्या करून टाका, पुढच्या वर्षी गीझर आणू. त्यांनी बत्तीस सह्या केल्या होत्या. पुढच्या वर्षीही गीझर आला नव्हता, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. इतका वेळ निशांतवर धावून जाणारा राग आता त्यांच्याच अंगावर उलटला, पण निशांतवरचा मात्र कमी झाला नाही.

"ती सही खोटी होती," त्या म्हणाल्या. "त्याचा जाब मी देईन. पण हिरवी तार का असते ते फळ्यावर शिकवलं होतं की नाही?"

"शिकवलं होतं."

"मग?"

निशांतनं तडकलेलं एलिमेंट बाजूला ठेवलं. ज्ञानदीपनं दुकानातून नवं एलिमेंट, गॅस्केट आणि टाकी गंजू नये म्हणून आत बसवायचा रॉड आणून दिला. निशांतनं सगळं बसवलं, सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये अडकलेली खर साफ केली, हिरवी तार स्क्रूखाली घट्ट आवळली. मग धम्मदीनाबाईंनी त्याला बोर्डाच्या सॉकेटमधलं अर्थिंगही तपासायला लावलं. तार जोडली आणि ती पुढे जमिनीपर्यंत पोचतच नसली, तर काय उपयोग? टाकी भरून नळातून पाण्याची धार आल्यावरच त्यांनी स्विच चालू करू दिला. टेस्टर नळाला टेकवला. दिवा पेटला नाही.

"झालं ना आता?" ज्ञानदीप म्हणाला.

धम्मदीनाबाई निशांतकडे वळल्या. "आणखी किती घरांत कापलीस?"

त्यानं मोबाइलवरची जुनी यादी काढली, बोटानं वरखाली केली. "या सीझनमध्ये... आठ. तुमचं धरून."

"आई, आता हे आपलं काम नाहीये," ज्ञानदीप म्हणाला. "कंपनी बघेल ना."

"कंपनी कोण? ॲपमध्ये बसलेली? ती येणार आहे कुणाच्या बाथरूममध्ये? निशांत, आत्ता माझ्यासमोर एकेकाला फोन लाव. गीझर बंद ठेवा, मी येऊन नीट करतो, असं सांग. आणि तार मीच कापली, हेही सांग."

निशांतनं फोन लावले. एकानं शिव्या दिल्या. एक बाई रडायलाच लागली, तिच्या घरी तान्हं मूल होतं. एकानं, "ठीक है भिया, संडे को आना," म्हणून फोन ठेवून दिला, तेव्हा धम्मदीनाबाईंनी स्वतः परत फोन लावून त्याला मेन स्विचपर्यंत चालत नेलं आणि स्विच बंद केल्याचं तोंडानं वदवून घेतलं. सहा जणांशी बोलणं झालं. सातवा फोन वाजत राहिला. तीनदा, चारदा, पाचदा. कुणी उचलला नाही.

"कोण आहे?"

"कृष्णपुऱ्याजवळ एक आजी आहेत. इंदिराबाई. एकट्या राहतात. तार कापून तीन आठवडे झाले." निशांतचा आवाज बारीक झाला होता.

धम्मदीनाबाईंनी शाल उचलली. "स्कूटर आहे ना? चल."

दुपारच्या गर्दीतून निशांत स्कूटर काढत होता. मागे बसलेल्या धम्मदीनाबाईंना नदीचा घाट दिसत नव्हता, राजघराण्याच्या समाध्यांवरच्या दगडी छत्र्या दिसत नव्हत्या. बाथरूमची ओली फरशी तेवढी दिसत होती. एकदा सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा त्या त्याच्या पाठीमागून म्हणाल्या, "त्या बाईला काही झालं असेल ना निशांत, तर मी तुला पोलिसात देईन आणि शेजारी मीही बसेन." त्यानं मान हलवली आणि सिग्नल सुटताच स्कूटर पुढे काढली.

गल्लीतलं दार बंद होतं. निशांतनं बेल वाजवली. पुन्हा वाजवली. धम्मदीनाबाईंनी मुठीनं दार बडवलं. बऱ्याच वेळानं कडी सरकली आणि कानटोपी घातलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एक बारीकशा बाई दारात दिसल्या.

"कोण? जरा जोरात बोला हो, ऐकू कमी येतं."

श्वास जागेवर आल्यावर धम्मदीनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "काकू, तुमचा गीझर बघायला आलोय."

"तो? तो चांगलाय हो. मीच बिघडलेय," इंदिराबाई म्हणाल्या. "पाण्यात हात घातला की अंगातून मुंग्या निघतात. मुलाला फोनवर सांगितलं, तर हसला. म्हणाला, वय झालं आई, नसा कमजोर झाल्या. मग मी गीझर लावणंच सोडलं. गार पाण्यानं नहाते."

"या थंडीत?"

"काय करणार? वीस दिवस झाले. सर्दी काही जात नाही."

धम्मदीनाबाईंनी निशांतकडे पाहिलं. आता ओरडावंसंही वाटत नव्हतं. निशांतनं बुटाची लेस सोडली आणि खाली बसून हात जोडले.

"आजी, तुमच्या नसा चांगल्या आहेत. चूक माझी आहे. मी तार कापली होती."

इंदिराबाईंना नीट ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

निशांत बाथरूममध्ये गेला. धम्मदीनाबाई बाहेरच खुर्ची घेऊन बसल्या. आतून मेन बंद केल्याचा खट आवाज आला, मग टाकीतलं पाणी बादलीत पडू लागलं. त्याचा मोबाइल दोनदा वाजला, तो बाहेर येऊन बघून गेला. दोन कॉल चुकल्यामुळे कंपनीनं त्याची आयडी दिवसभरासाठी बंद केली होती. त्यानं मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. मध्ये एकदा उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं एलिमेंट घेऊन आला. दीड तासाच्या वर गेला.

"मॅडम, बघता का एकदा?"

"नाही. तू सांग."

"अर्थ जोडली. बॉडीवर करंट नाही. सॉकेटची अर्थिंग पण चेक केली, बल्ब फुल पेटला, म्हणजे ती जमिनीपर्यंत पोचतेय. व्हॉल्व्ह मोकळा आहे. थर्मोस्टॅट पन्नासवर ठेवला, आजींना भाजायला नको."

"नळाला स्वतःचा हात लावून बघितलास?"

"टेस्टर लावला."

"टेस्टर बरोबर. आता हात लाव."

तो आत गेला, गीझर चालू करून ओल्या हातानं नळ धरून उभा राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही, मॅडम."

पाणी तापल्यावर इंदिराबाई टॉवेल घेऊन आत गेल्या. दार लागलं. आधी थोडंसं पाणी पडल्याचा आवाज आला, भीत भीत. मग मग्गा भरून ओतल्याचा. मग पुन्हा. आत त्या काहीतरी पुटपुटत होत्या.

निशांतनं हत्यारं पिशवीत भरली आणि दबक्या आवाजात विचारलं, "मी निघू का मॅडम? उद्या सकाळी सातपासून बाकीच्या घरांकडे जातो. तुम्ही याल ना?"

"येईन. आणि परवा आयटीआयमध्ये जाणार आहे, त्या रजिस्टरचं लिहून द्यायला. तूही चल." धम्मदीनाबाईंनी त्याच्याकडे न बघता शेजारच्या स्टुलाकडे हात केला. "आत्ता बस. त्यांची अंघोळ होऊ दे."

निशांत बसला. आत पाणी ओतल्याचा आवाज चालूच होता.