उघड्यावरची साखर

राजमतीला खरं सांगायचं की गप्प बसायचं, या घोरानं माझं डोकं पार उठलं होतं. साठी उलटल्यावर माणसाला एवढं तरी सुख असावं की बायकोपासून काही लपवावं लागू नये. पण नाही, आमच्या नशिबी तेही नाही.

आमची शेती मिरजेच्या पूर्वेला. विहिरीच्या कठड्याखाली दगडांत एक फट आहे, त्यात सातेरी माश्यांचं मोहोळ होतं. सातेरी म्हणजे आपली गावठी माशी, लहान, काळपट, स्वभावानं गरीब. राजमती लग्न होऊन आली तेव्हाही ते होतंच. आम्ही जैन. मध आमच्या घरात औषधालासुद्धा येत नाही, त्यामुळे त्या मोहोळाला कधी कुणी हात लावला नाही. पोरं शिकायला गेली, थोरला सम्मेद बायको घेऊन मिरजेत राहायला गेला, आणि ही बाई विहिरीवर जाऊन माश्यांशी गप्पा मारायला लागली. मी चेष्टा करायचो, "काय म्हणत्यात तुझ्या मैत्रिणी?" ती म्हणायची, "तुमच्यापरीस बऱ्या. ऐकून तरी घेत्यात."

यंदा सम्मेदनं डाळिंबाचा बहार धरला. फूल भरपूर, पण फळ धरेना. फवारून फवारून रानात माशी राहिलीय कुठं? म्हणून त्यानं पाचगणीकडच्या ज्ञानूकडून टेम्पोभर मधपेट्या भाड्यानं आणल्या. पेट्यांतली माशी परदेशी, अंगानं मोठी, पिवळ्या पट्ट्यांची. राजमती भडकली.

"मध खायचा न्हाई म्हणायचं, आन माशी भाड्यानं राबवायची? ह्यो कुठला धरम रं?"

"आई, मध ज्ञानू काढतोय. आपण कुठं काढतोय?"

"व्हय, हात त्याचं आन पाप बी त्याचंच. लय सोयीचं हाय."

मी मधे पडलो नाही. मला डाळिंब हवं होतं.

फळ लागलं, झकास लागलं. मार्च सरला, फुलं संपली, ऊन पेटलं. ज्ञानूला पेट्या कराडकडं सूर्यफुलावर न्यायच्या होत्या, पण गाडी मिळेना. आज येतो, उद्या येतो. पेट्या बांधावर तशाच तापत राहिल्या. रानात औषधाला फूल नाही. विहिरीवरच्या माश्याही मलूल झाल्या, कठड्यावर सरपटायला लागल्या, तसा राजमतीचा जीव तुटायला लागला. मुंग्यांना साखर, पाखरांना दाणा-पाणी, हे आमच्याकडं लहानपणापासूनचं वळण. तिनं ताटात साखरेचं पाणी केलं, बुडून मरू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या आणि ताट मोहोळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं.

दुपारी मला हाका मारत आली. "आवं, या की! बघा किती आल्यात जेवायला!"

गेलो. ताटावर झुंबड, फटीत झुंबड, कान किटतील एवढा आवाज. ती हसत होती. एवढी हसलेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मलाही बरं वाटलं. पिवळे पट्टे दिसले होते मला, नाही असं नाही. पण मी गाढव. म्हटलं, असतील पाहुण्या.

दुसऱ्या दिवशीही तिनं ताट भरलं. त्यानंतरच्या सकाळी विहिरीच्या पाण्यावर काळ्या माश्यांचा थर तरंगत होता आणि फटीतून मेणाचा भुगा गळत होता. राजमती मटकन खालीच बसली. तिनं डोक्यात एकच घेतलं, सम्मेदनं बागेवर औषध मारलं आणि त्यानं माश्या मेल्या. तो शपथेवर सांगत होता की मी पंपाला हातसुद्धा लावलेला नाही. हिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्याचा फोन आला की न बोलता माझ्या हातात द्यायची.

ज्ञानू एकदाचा उगवला तेव्हा मी त्याला विहिरीवर नेलं. तोंडात तंबाखू धरून तो आत डोकावला.

"लूट झालीया, आण्णा. माझ्याच माश्यांनी लुटलंय. उपाशी व्हत्या. पण त्यास्नी वाट कुणी दावली? हितं गोड काय ठिवलं व्हतं का?"

"ताटभर साखरेचं पाणी," मी म्हणालो.

तो पचकन थुंकला. "मग संपलंच की! उघड्यावर साखर ठिवली की पेटीतल्या माशीला वास लागतो. आधी ताट चाटती, मग शेजारचं घर फोडती. आमचा आजा सातेरीच पाळायचा. तिचा मध कमी पडतो म्हणून आमी ही आणली. आता आमच्या डोंगरात बी ह्येच चाललंय."

गाडी लहान होती. निम्म्या पेट्या घेऊन तो गेला, उरलेल्या पुढच्या खेपेला नेतो म्हणाला. त्याला तरी काय बोलणार?

राजमतीजवळ मी मूग गिळून बसलो. सांगावं तर ही खचणार. न सांगावं तर पोरगं फुकटचं बदनाम. मला दोन्ही झेपेना.

परवा संध्याकाळी बघतो तर ही ओढ्याकडं निघालेली, हातात ताट.

"जांभळाच्या ढोलीत आणखी एक मोहोळ घावलंय," ती म्हणाली. "लहान हाय. ह्याला तरी जगवते."

मी आडवा झालो. "तितं ठिवू नकोस."

"का?"

"राजमती, त्या औषधानं मेल्या न्हाईत. सम्मेदनं काय बी केलेलं न्हाई." मग सगळं सांगितलं. पेट्यांतली उपासमार, साखरेचा वास, ताट, लूट.

ती हातातल्या ताटाकडं बघायला लागली.

"म्हंजी त्या जेवायला आल्या न्हवत्या."

"न्हाई."

"आन मी तुमाला बघायला बोलावलं."

तिथंच बांधावर बसून ती रडली. मला वाटलं होतं आरडाओरडा करील, माझ्या अंगावर येईल. ते परवडलं असतं. मी नुसता शेजारी उभा राहिलो. लय वाईट वाटत होतं.

मग डोळे पुसून म्हणाली, "फोन लावा त्याला."

मी लावला आणि आवाज मोठा केला.

"सम्मेद, औषधाचं मी बोलले ते खोटं हाय. मी मारल्या रं. माझ्या हातानं."

"आई, पेट्या मी आणल्या होत्या," तो म्हणाला. "पुढच्या बहाराला नको म्हणू का ज्ञानूला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. सगळी बाग माझ्या डोळ्यांपुढं आली. पण मी मान डोलावली.

"नको म्हण," ती म्हणाली. "लागंल तेवढं फळ लागंल."

ढोलीच्या तोंडाशी चार-दोन माश्या ये-जा करत होत्या. तिनं ताट पदराखाली झाकून घेतलं आणि घराकडं वळली. तिला जरा बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "उद्या सकाळी येऊ की आपण दोघं. नुसतं बघायला."

"न्हाई," ती म्हणाली. "बघितलं की माझ्याच्यानं राहवायचं न्हाई. हितं कुणी यायचं न्हाई. मी बी न्हाई."