माळावर राहिलेली हाक

ऑगस्टात हीदरची झुडपं फुलली की इंग्लंडातल्या नॉर्थ यॉर्क मूर्सचा माळ जांभळा होतो आणि तो बघायला बसच्या बस भरून माणसं येतात. हेस्टर गार्बट त्यातल्याच एका बसमधून उतरली, पाहुणीसारखी. ज्या माळावर एक्केचाळीस वर्षं मेंढ्या राखल्या, तिथं तिकीट काढून यायचं म्हणजे नशिबाचे भोगच म्हणायचे.

नवरा वॉल्टर गेला, मग तिचे गुडघे गेले. तीन वर्षांपूर्वी शेत सोडून ती स्कारबरोला लेकीकडे राहायला गेली. मेंढ्या काही नेता आल्या नाहीत. माळाला कुंपण नाही. कोकरू आईच्या मागं फिरत आपला चराईचा तुकडा ओळखायला शिकतं आणि जन्मभर तिथंच चरतं. म्हणून शेत हातचं गेलं की माणसं जातात, मेंढ्या जमिनीसोबत राहतात. इथली रीतच ती. लेक जीव लावत होती, दारात समुद्र होता, तरी हेस्टरचं मन तिथं लागेना. एकच ध्यास होता. एकदा हाक मारावी आणि मेंढ्यांनी यावं. आपण इथल्या होतो, एवढं कुणीतरी ओळखावं.

बाकीची मंडळी चहा प्यायला गावात गेली. बस सुटायला तासभर होता. काठी टेकत ती शेत आणि माळ यांच्यामधल्या दगडी गडग्यापर्यंत चढली. पलीकडे काळ्या तोंडाच्या मेंढ्या चरत होत्या, खांद्यावर तिच्या शेताचा तोच तांबडा शिक्का. तिनं तोंडाशी हात धरून वॉल्टर मारायचा तीच हाक मारली.

"होऽऽ या, याऽऽ या."

तीनदा मारली. एकीनं मान हलवली, तीही माशी हाकलायला.

"मेल्यांनो, बाटलीनं दूध पाजलंय तुम्हाला," हेस्टर म्हणाली आणि तिला रडूच आलं. इतक्या लांब उगाच आलो, असं तिला वाटलं.

तेवढ्यात एक पोरगी बादली घेऊन वर आली. नवी शेतकरीण, फ्रेया.

"आजी, बिस्किटं नाही ना टाकलीत? पोटं बिघडतात त्यांची."

"मी काय खुळी आहे?"

फ्रेया हसली, आणि तिनं हाक मारली. "होऽऽ या..." मग मध्येच खोकली. दोन आखूड, एक लांब. "...याऽऽ या."

सगळा कळप धावत सुटला. हेस्टरनं गडगा घट्ट धरला.

"सर्दी झालीय का गं तुला?" तिनं कसंबसं विचारलं.

"छे हो. इथं आधी होते त्यांची हाक आहे ही. शेजारच्या क्लिफर्डकाकांनी शिकवली. महिनाभर घसा फोडला मी, एक येईल तर शपथ. खोकल्याशिवाय ढिम्म हलत नाहीत. गावात सगळे हसतात मला."



"वाळल्या गवताच्या धुळीचा खोकला तो," हेस्टर म्हणाली. "दर हिवाळ्यात सांगायचे वॉल्टरला, तोंडाला फडकं बांध म्हणून. कधी म्हणून ऐकलं नाही माझं."

फ्रेयानं बादली खाली ठेवली. मेंढ्या तिच्या पायांशी ढुशा देत होत्या. खालून बसचा भोंगा वाजला.

"अजून एकदा मार ना हाक," हेस्टर म्हणाली.

"पण सगळ्या आल्यात की, आजी."

"असू दे. तू मार."