सी. सी. सी. पी.

ब्रिजिटबाई इथे बहारीनमध्ये, मनामातल्या एका हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आणि दुसऱ्याच्या घरीही वॉर्डात राउंडला आल्यासारख्याच शिरायच्या. त्यांचा डेनिस आणि आमची लीना यांचं आपापसात ठरलेलंच होतं. ब्रिजिटबाईंची मान हलायची तेवढी राहिली होती. त्या येणार म्हणून मी कपाटातले रशियन कप काढले.

पीटर, म्हणजे माझा नवरा, कंपनीच्या कामाला कुवेतला गेला होता, तेव्हा ते सहा कप विमानात मांडीवर घेऊन आला. पांढरीशुभ्र चिनीमाती, त्यावर निळी फुलं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की तिकडच्या गावातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या ही फुलं हाताने काढतात. रंग लावताना काळा असतो, भट्टीतून निळा होऊन निघतो. एक फूल दुसऱ्यासारखं नाही. एका कपावर तर पान चक्क वाकडं गेलेलं. ती बाई त्या दिवशी नवऱ्याशी भांडून कामाला आली असणार. तो कप माझा सगळ्यात लाडका.

नेमका तोच ब्रिजिटबाईंच्या हातात गेला. चहा संपवून त्यांनी तो उपडा केला.

आता आमच्या वसईकडे नवीन भांडं आलं की आधी त्यावर नाव घालून घेतात. लग्नकार्यात साऱ्या आळीची पातेली एकत्र होतात, नाव नसेल तर गेलं ते गेलंच. त्यामुळे भांड्याचा तळ पाहायची खोड आम्हा सगळ्यांनाच.

"सी. सी. सी. पी.," ब्रिजिटबाईंनी वाचलं. मग मदतीला म्हणून येऊन बसलेल्या माझ्या शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "कार्मेल, तुझं पूर्ण नाव काय गं?"

"कार्मेल कॅथरीन कॉन्स्टन्स परेरा."

"वाटलंच मला! कप तुझे. काय चॉइस आहे!"

कार्मेलच्या चॉइसला आजवर कोणी नावाजलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने केककडे पाहिलं.

"असू दे हो," ती म्हणाली, "शेजारधर्म आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, ते रशियाचं नाव आहे," पीटर म्हणाला.

"रशियाचं नाव सीने सुरू होतं?"

"त्यांचा सी म्हणजे आपला एस. आणि पी म्हणजे आर."

"मग हिला काय सार्मेल म्हणू?" ब्रिजिटबाईंनी चष्मा काढला. "आज उसने कप मांडणारी माणसं उद्या मुलीचं वयही उसनं सांगतील."

लीनाचा चेहरा पडला. पोरीचं लग्न चार अक्षरांत अडकलं होतं.

"ठीक आहे," ब्रिजिटबाई म्हणाल्या. "शलमोन राजाने बाळ कापायला काढून खऱ्या आईचा निवाडा केला, मी कपाचा करते." आणि त्यांनी माझा लाडका कप कानाला धरून फरशीच्या वर अधांतरी धरला. "सोडते हं."

"सोडा की," कार्मेल केक खात म्हणाली. "फुटला तर दुसरा आणू."

"नको!" मी किंचाळले. "कार्मेलचा तर कार्मेलचा! घेऊन जाऊ दे तिला! पण फोडू नका!"

ब्रिजिटबाई खो-खो हसल्या. "सापडली! आई सापडली!" हसता हसता त्यांचा हात हलला आणि कप निसटला.

मी तिथेच रडायला लागले. लाज वगैरे काही वाटली नाही. मेट्रनबाई गुडघ्यांवर बसून स्वतः तुकडे वेचायला लागल्या. कार्मेल "खलास!" म्हणाली आणि तिला घरी गॅस चालू असल्याची आठवण झाली.

वाकड्या पानाचा तुकडा माझ्या हातात देत ब्रिजिटबाई म्हणाल्या, "डॉली, तुझा कप नाही गं सांभाळता आला. पण पोर नीट सांभाळीन."

मग मी आणखीच रडले.

उरलेले पाच कप लीनाबरोबर सासरी गेले. परवा त्यांच्याकडे चहाला गेले होते. कोणा पाहुणीने सवयीने कप उपडा केला आणि विचारलं, "हे सी. सी. सी. पी. कोण हो?"

"रशिया!" ब्रिजिटबाई फिस्कारल्या. "सीने सुरू होतं, एवढंही ठाऊक नाही?"