गॅस बंद केला होता का?

माझी बायको बास्केटबॉलच्या हॉलमध्ये कधी ओरडली नाही. हे आधी सांगतो, कारण आता जो तो ती ओरडायची असं सांगत फिरतो. ओरडायचो आम्ही. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रो टाकायला रेषेवर उभा राहिला की अख्खा हॉल बोंबलायचा, पाय आपटायचा, रिकाम्या बाटल्या खुर्च्यांवर बडवायचा. ती मात्र हाताची घडी घालून बसून राहायची.

खेळाडू चेंडू दोन-तीनदा आपटतो, मग थांबतो, श्वास घेतो. नेमका तेव्हाच ओरडणाऱ्यांचाही दम संपलेला असतो. तो क्षण तिने हेरला होता. ती हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरीला होती. आवाज न चढवता तो समोरच्याच्या कानात कसा पोचवायचा, ते तिला चांगलं ठाऊक होतं. आमच्या जागा बास्केटच्या मागे, पुढच्याच ओळींत. त्या क्षणी ती अगदी घरातल्या आवाजात विचारायची, "गॅस बंद केला होतास का रे?"

आणि पोरगं चुकायचं. नेहमी नाही, पण पुष्कळदा. एकदा एक ताडमाड गडी चेंडू हातात धरून खरंच विचारात पडला, इतका वेळ की शेवटी रेफरीने शिट्टी मारून चेंडू काढून घेतला. हॉल हसून हसून लोळला. ती हसली नाही. मला म्हणाली, "अहो, त्याने खरंच चालू ठेवला असेल. घरी कोणी आहे का विचारायला हवं होतं."

तिला सगळे गॅसमावशी म्हणायचे. मागच्या ओळीतला दातांचा डॉक्टर तिला वहिनी म्हणायचा आणि डब्यातलं खायला आधी तिच्यापुढे धरायचा. वर्षानुवर्षं आम्ही तिथे बसलो. मी लिफ्टचा मेकॅनिक. आठवडाभर लोकांच्या इमारतींच्या खड्ड्यांत उभं राहायचं आणि सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये. दुसरा शौक आम्हाला नव्हता.

तिचा आवडता खेळाडू म्हणजे खांब. उंच, जाडजूड, धावायला जड. पण बास्केटखाली पाठ लावून उभा राहिला की दोघंदोघं त्याला हलवू शकत नसत. तेव्हाचा खेळच असा होता, चेंडू आत द्यायचा आणि आत भांडायचं. पुढे खांबाचा गुडघा गेला. तो ऑपरेशन होऊन पडलेला असताना क्लबने त्याचं कपाट रिकामं केलं आणि सामान खोक्यात भरून दारापाशी ठेवलं. त्याला कोणी कळवलंसुद्धा नाही. तो ज्या हॉस्पिटलात होता तिथलाच फोन ती सांभाळत होती, म्हणून तिला कळलं. खांबाने तिच्यामार्फतच क्लबला फोन लावायला सांगितला होता. पलीकडून कोणी उचलायला तयार नव्हतं. ती दिवसभर लावत राहिली, तेव्हा संध्याकाळी एका शिपायाने उचलला आणि खोक्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात उपांत्य सामना होता. शेवटच्या मिनिटाला आमचाच नवा खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर आला. आपल्या माणसाचा फ्री थ्रो असला की हॉल चिडीचूप बसतो, हा अलिखित नियम. सगळे श्वास रोखून बसलेले. क्लबचा मालक पहिल्या रांगेत, पाहुण्यांबरोबर. आणि माझ्या शेजारून आवाज आला, "खांबाला कोणी सांगितलं का, त्याचं कपाट रिकामं केलं म्हणून?"

पोराचा नेम चुकला. सामना गेला.

त्यानंतर जे झालं ते मला विसरता येत नाही. क्लबचं सोडा. ज्या ओळींत आम्ही इतकी वर्षं बसलो त्या ओळी उलटल्या. दातांचा डॉक्टर उभा राहून ओरडला, "हाकला हिला!" कोणीतरी पेला फेकला. दोन रखवालदार आले, तिला दंडाला धरून खाली नेलं. मी तिची पिशवी घेऊन मागोमाग. दाराजवळच्या खोलीत तिला भिंतीशी उभी करून तिचा फोटो काढला. राखाडी स्वेटर, हनुवटी वर, डोळ्यांत अंगार. तो फोटो रखवालदाराच्या खोलीच्या काचेवर आतून चिकटवला, म्हणजे पुन्हा आली तर ओळखू यावी. क्लबने सांगितलं, कायमची बंदी.

ती म्हणाली, "बरं झालं. त्या खुर्च्यांनी पाठ धरायची माझी."

आम्ही दोघंही परत गेलो नाही. सामने टीव्हीवर बघायचो. ती आवाज बंद करायची आणि स्वतःच बोलायची. आताचा खेळ तिला पटत नसे. "हे काय हो? सगळे लांब उभे राहून दगड मारतात. आत जायला काय भीती वाटते यांना?" तीन गुणांसाठी लांबून नेम, पुन्हा लांबून नेम. पडला तर नाच, नाही पडला तर खांदे उडवायचे. मी म्हणायचो, जग बदललं. ती म्हणायची, "बदललं तर बदललं, पण मग घाम कुठे गेला?"

गेल्या वर्षी ती गेली. शेवटचे काही महिनेच आजारी होती. त्यानंतर मी टीव्हीचा आवाज बंदच ठेवतो, पण बोलणारं कोणी नाही. या मोसमातले सगळे सामने तसेच पाहिले. आमचा संघ ओळीने हरत होता. कॅमेरा वर गेला की रिकाम्या खुर्च्या दिसायच्या.

मग एक दिवस क्लबची मुलगी घरी आली. जाहिरात-प्रसिद्धी बघणारी, हसरी, पायात पांढरे बूट. तिने विचारलं, "काका, बूट काढू का?" आणि मी हो म्हणायच्या आत बसलीसुद्धा.

"काका, आपण 'जुने दिवस' करतोय. जुन्या जर्सी, जुनी गाणी, जुने खेळाडू. आणि गॅसमावशींशिवाय जुने दिवस कसे होणार?"

"तिला बंदी होती," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या क्लबने तिला हाकललं होतं. कायमचं."

तिला खरंच माहीत नव्हतं. ती तेव्हा शाळेत असेल. म्हणाली, "अय्या, किती वाईट! पण आता सगळे त्यांच्यावर इतकं प्रेम करतात ना." आणि पिशवीतून टी-शर्ट काढून माझ्यासमोर पसरला.

टी-शर्टवर ती होती. खाली मोठ्या अक्षरांत 'गॅस बंद केला का?' मी चित्राकडे बघत राहिलो. राखाडी स्वेटर, वर केलेली हनुवटी. कुठल्याशा जुन्या खोक्यात त्यांना तोच फोटो सापडला होता, काचेवरचा. फक्त तोंड बदललं होतं. चित्रकाराने तिला हसवलं होतं.

"गोड आल्यात ना?" मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, "एका अटीवर येईन. लाऊडस्पीकरवर सांगायचं, सगळ्यांसमोर, की तिला बंदी घातली ती चूक होती. बाकी काही नको. हार नको, भेट नको. तेवढं एक वाक्य."

"नक्की, काका. मी स्वतः बघते."

माझी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, जा हो. किती दिवस घरात कोंडून घेणार? आईला आवडलं असतं."

"तुझ्या आईला काय आवडलं असतं ते मला सांगतेस?"

"तुम्ही ना, तिच्यासारखंच बोलायला लागलात," ती म्हणाली आणि हसली. मला राग आला, पण मी गेलो. त्या एका वाक्यासाठी गेलो.

रविवारी दुपारचा सामना. हॉल भरलेला, कित्येक वर्षांनी. जिकडे बघावं तिकडे माझी बायको छातीवर, पाठीवर घेऊन लोक फिरत होते. पोटावर ताणलेली, पोरांच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारी. आमच्या जुन्या जागेवर मला बसवलं. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी फुलं ठेवली होती. मागून पाठीवर थाप पडली. दातांचा डॉक्टर, आता टक्कल पडलेला, अंगात तोच टी-शर्ट.

"वहिनी म्हणजे वहिनी हो! पुन्हा होणे नाही."

"तुम्ही तिला हाकला म्हणाला होता," मी म्हणालो.

"मी?" त्याचा चेहरा इतका खरा होता की क्षणभर मलाच शंका आली. "छे हो! दुसरा कोणीतरी असेल. तेव्हा काय गोंधळ होता!" आणि त्याने माझ्यापुढे डबा धरला.

खांब खाली मालकाच्या शेजारी बसला होता, काठी घेऊन. सामन्याआधी मी त्याला भेटलो. त्याला वाकायला त्रास होत होता, तरी माझ्या पाया पडायला बघत होता. मी धरला.

"तुला बोलावलं आणि तू आलास?" मी विचारलं.

"काका, घरात बसून काय करू? लोकांनी एकदा नाव घेतलं की चार दिवस बरं जातं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशींचं मी विसरलो नाही. माझ्यासाठी बोलणारी तेवढी एकच होती."

"मग ते आज सांग की."

तो काठीकडे बघत राहिला. मला त्याला आणखी बोलवेना.

मध्यंतरात दिवे मंद झाले. मला, खांबाला आणि मालकाला मधोमध उभं केलं. निवेदक नरम आवाजात बोलायला लागला. तिचं प्रेम, तिची निष्ठा, तिचा खट्याळपणा. मी त्या एका वाक्याची वाट बघत होतो. मग ते आलं.

"आजारपणामुळे शेवटची काही वर्षं मावशींना इथे येता आलं नाही. पण मनाने त्या त्यांच्या खुर्चीतच होत्या."

मी क्लबच्या त्या मुलीकडे बघितलं. ती बाजूला उभी राहून दोन्ही अंगठे वर करून दाखवत होती. तिचे डोळे खरंच ओले होते. मालकाने मला मिठी मारली. त्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. आणि निवेदक म्हणाला, "चला, सगळे मिळून!" अख्खा हॉल ओरडला, "गॅस बंद केला का?" आरडाओरडा, टाळ्या, भोंगे. जे ती कधी करत नसे, नेमकं ते.

मी जागेवर येऊन बसलो. फुलं उचलून जमिनीवर ठेवली.

उत्तरार्ध आताच्या खेळासारखाच झाला. लांबून नेम, लांबून नेम. दोन्ही संघांना जिंकायचं नसल्यासारखं. तरी शेवटी गुण बरोबरीत आले आणि आमचा छोटा गार्ड फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. हॉल चिडीचूप झाला. त्याने चेंडू आपटला, पुन्हा आपटला. थांबला. श्वास घेतला.

मी उभा राहिलो. तिच्यासारखा आवाज मला नाही. पण लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावरच्या माणसाला हाक मारून माझं आयुष्य गेलंय. मी विचारलं, "तिला इथून बाहेर कोणी काढलं होतं?"

एक क्षण काहीच झालं नाही. मग कोणीतरी खुदकन हसलं. मग ओळ हसली, मग हॉल. टाळ्या. पडद्यावर माझा चेहरा आला. रेषेवरचा पोरगा वळून माझ्याकडे बघून हसला, मान डोलावली आणि चेंडू टाकला. तो रिंगला न लागता आत पडला.

"वा! वहिनींची गादी चालवताय!" डॉक्टर माझी पाठ थोपटत होता.

खाली एकटा खांब हसला नव्हता. तो मालकाच्या शेजारी तसाच बसला होता, काठी दोन्ही हातांत धरून.

पायऱ्यांजवळ रखवालदार उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो. म्हणालो, "आपल्या खेळाडूच्या फ्री थ्रोला मी बोललो. नियम मोडला. मला बाहेर काढा."

"काका, चालतं हो आज."

"माझा फोटो काढा. काचेवर लावा."

"बसा ना काका. पाणी आणू का?" त्याने माझा दंड धरला, पण हळू, आजारी माणसाला धरतात तसा.

मी दंड सोडवून घेतला आणि स्वतःच खाली उतरलो. मागे हॉल पुन्हा ओरडत होता, बहुतेक जिंकलो. दाराजवळच्या खोलीत कोणी नव्हतं. काचेवर आता शीतपेयाची जाहिरात होती. तिच्या कडेने जुन्या चिकटपट्टीचे पिवळे तुकडे अजून दिसत होते. नखाने खरवडून बघितले, निघाले नाहीत. ते आतल्या बाजूने होते.

रस्त्यावर आलो तर मुलीचा फोन.

"बाबा, टीव्हीवर दिसलात! सगळे किती गोड हसत होते. आईचंच वाक्य म्हणालात ना? समालोचकाच्या बडबडीत नीट ऐकू नाही आलं."

माझ्या पुढून एक बाई चालली होती. तिच्या पाठीवर माझी बायको हसत होती.

"हो," मी म्हणालो. "गॅसचंच."