बाटलीवर तारीख नव्हती

आपली मुलं नोकरीच्या लायकीची नाहीत, असा विद्यापीठाला एके दिवशी साक्षात्कार झाला. तीन वर्षं शिकवूनही असं का व्हावं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही. त्यांनी सरळ बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला आणि शेवटच्या वर्षाला तीस तासांचा 'रोजगारक्षमता' वर्ग लावला. तेवढ्या तासांची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं रद्द झाली.

माझी भाची त्या वर्गात होती. प्रशिक्षकाला मुलं 'हस्तांदोलन सर' म्हणत, कारण पहिले चार तास हात कसा मिळवायचा यातच गेले होते. खुर्चीत बसायला आणखी दोन लागले. मुलाखती कशा द्याव्यात हे शिकवण्यापलीकडे या गृहस्थांनी जन्मात दुसरं काम केलं नव्हतं. 'माहीत नाही' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, अडलात तर स्वतःचे गुण सांगा, एवढंच ते घोकून घेत. शाळेतलं पोर 'मला नाही येत' म्हणतं, तिथून शिकवणं सुरू होतं. इथे पदवीच्या पोरांना ते गिळायला शिकवत होते.

भाचीला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागायचं होतं. जागा एकच. ती हुकली तर काकाच्या कचेरीत फोन घ्यायला बसायचं, असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्या धास्तीनं तिचं जेवणातलं लक्ष उडालं होतं.

मुलाखतीला गेलेले आठही जण याच वर्गातले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंपुढे पहिल्यानं हात केला, तर बाईंनी त्याला आधी तो धुऊन यायला सांगितलं. मग प्रत्येकापुढे पाण्याची एक बाटली ठेवली. यातलं क्लोरीन मोजा आणि वहीत लिहा, एवढंच काम. पाण्यातलं क्लोरीन तासागणिक कमी होत जातं, हे आठही जण परीक्षेत लिहून आले होते. बाटलीवर मात्र ना तारीख होती ना वेळ. कोणी विचारलं नाही. आठही जणांनी दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे लिहिले.

नमुना कधीचा, असं बाईंनी एकेकाला आत बोलावून विचारलं. एकानं आपण दडपणाखाली उत्तम काम करतो असं सांगितलं. दुसऱ्यानं आपली संघभावना काढली. तिसऱ्याला नमुना ताजा वाटला.

भाचीही त्याच वाटेनं गेली. म्हणाली, "मी फार बारकाईनं काम करते, मॅडम."

"मी तुझं नाही विचारलं. पाण्याचं विचारलं."

"काय सांगू मावशी, तेव्हा कुठे ती कोरी बाटली डोळ्यांपुढे आली," असं ती नंतर मला म्हणाली.

गुण सांगणं तिनं तिथेच सोडलं. मग म्हणाली, "माहीत नाही. बाटलीवर लिहिलेलं नाही. मोजण्याआधीच विचारायला हवं होतं." तिनं वही ओढली, आपल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी 'नमुन्याची वेळ ठाऊक नाही' असं लिहून सही केली. आधीच्यांपैकी दोघांनी चूक कळल्यावर खोडरबर मागितलं होतं.

बाईंनी रेघेखालचा आकडा नीट वाचता येतो ना, ते पाहिलं. "हे कोणी शिकवलं?"

"आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या परिचर काकांनी. चूक लपवली की ते वही परत करायचे."

"सोमवारी आठला ये. केस बांधून."

महिन्याभरात विद्यापीठाचा अहवाल निघाला. निवड झालेल्यांपैकी शंभर टक्के विद्यार्थी रोजगारक्षमता वर्गाचे, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. इकडे बाईंनी विद्यापीठाला दोन ओळींचं पत्र धाडलं. नव्या मुलीला वही ठेवायला ज्यांनी शिकवलं, त्यांना आमच्या इतर कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी पाठवावं, नाव कळवावं.

नाव आलं. हस्तांदोलन सरांचं. परिचर हे शिक्षकवर्गात मोडत नाहीत, असा खुलासाही खाली होता. ते पत्र भाचीनंच फाइलला लावलं, आणि सुटल्यावर थेट परिचर काकांच्या घरी गेली.